घटक ४ : पुण्याच्या पेठा – वस्तीचा इतिहास आणि वस्तीचा स्वभाव

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• पुणे शहरातील पेठांची निर्मिती कोणत्या राजकीय, आर्थिक व सामाजिक परिस्थितीत झाली, हे सांगता येईल.
• पेठ, कसबा, आळी, गंज, वाडा इत्यादी स्थलवाचक शब्दांतून इतिहास कसा वाचावा, हे स्पष्ट करता येईल.
• वाड्याची रचना आणि त्यातील सहजीवन यांचा परस्परसंबंध उलगडता येईल.
• वस्तीचा 'स्वभाव' ही जन्मजात गोष्ट नसून जमीन, पाणी, व्यवसाय आणि जातिव्यवस्था यांतून तो घडतो, या विधानाची चर्चा करता येईल.
• स्वतःच्या गावातील अथवा शहरातील वस्तीचा अभ्यास करण्याची दिशा मिळेल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण ग्रामरचना आणि तिच्याशी निगडित भाषाव्यवहार यांचा परिचय करून घेतला. गावगाडा, बलुतेदार, पांढरी आणि काळी, गावठाण आणि गावकूस या संकल्पना आपण पाहिल्या. प्रस्तुत घटकात आपण गावाकडून शहराकडे वळणार आहोत.

शहर म्हटले की राजवाडे, किल्ले, स्मारके आणि थोर पुरुष यांचा इतिहास आपल्यासमोर येतो. परंतु शहरात माणसे राहतात ती राजवाड्यात नव्हे, तर आळीत, बोळात, वाड्यात, चाळीत. त्यामुळे शहराचा खरा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर लोक कोठे राहत होते, कोणाच्या शेजारी राहत होते, पाणी कोठून भरत होते आणि कोणाला कोठे राहता येत नव्हते, हे प्रश्न विचारावे लागतात.

या अभ्यासासाठी आपण पुण्याच्या पेठांचे उदाहरण घेतले आहे. त्याची दोन कारणे आहेत. पहिले, या पेठांची नावे, रचना आणि स्थित्यंतरे यांची माहिती बऱ्याच प्रमाणात उपलब्ध आहे. दुसरे, मराठी भाषेच्या आणि साहित्याच्या जडणघडणीत या वस्त्यांचा वाटा मोठा आहे. आज आपण ज्या भाषेला 'प्रमाण मराठी' म्हणतो, तिचा या पेठांतील काही विशिष्ट घरांशी निकटचा संबंध आहे. म्हणून मराठीच्या विद्यार्थ्याला हा विषय केवळ स्थानिक इतिहासाचा राहत नाही.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ पेठांपूर्वीचे पुणे : कसबा

आठव्या शतकातील राष्ट्रकूट ताम्रपटांत 'पुण्यविषय' आणि 'पूनक विषय' असे या प्रदेशाचे उल्लेख आढळतात. 'विषय' म्हणजे प्रशासकीय विभाग. यावरून मुठा नदीच्या काठची ही वस्ती किती जुनी आहे, याची कल्पना येते. मात्र शहर म्हणून आपण ज्या पुण्याला ओळखतो, त्याचा मूळ गाभा म्हणजे कसबा.

'कसबा' हा अरबीतून आलेला शब्द. परगण्याचे मुख्य ठिकाण, बाजारपेठ असलेले मोठे गाव, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रात अनेक गावांच्या नावांत 'कसबे' हा शब्द आढळतो, तो याच अर्थाने. पुण्याचा कसबा मुठेच्या दक्षिण काठावर होता. कुंभारवेस हे नाव आजही त्या काळच्या वेशीची आठवण करून देते. कुंभार, तांबट, भोई, बुरूड अशा कारागिरांच्या आळ्या, नदीकाठचे थोरला आणि धाकटा शेख सल्ला हे दोन दर्गे आणि ग्रामदैवत कसबा गणपती, असे या वस्तीचे स्वरूप होते.

१६३० मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. गाढवाचा नांगर फिरवून ही भूमी शापित ठरवली गेली, असे सांगितले जाते. त्यानंतर काही वर्षांनी जिजाबाई आणि बाल शिवाजी शहाजीराजांच्या या जहागिरीत वास्तव्यास आले. दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली वस्ती पुन्हा उभी राहू लागली. सोन्याचा नांगर फिरवून जमीन शुद्ध केल्याची कथा याच काळाशी जोडली जाते. या दोन नांगरांच्या कथांकडे आपण घडलेल्या घटनेची नोंद म्हणून पाहावे, की लोकस्मृतीने रचलेले प्रतीक म्हणून, हा स्वतंत्र प्रश्न आहे. परंतु एक गोष्ट त्यांतून निश्चित कळते. वस्ती मोडणे आणि वस्ती बसवणे या दोन्ही राजसत्तेच्या कृती होत्या. वस्ती आपोआप वाढत नाही, ती 'वसवावी' लागते, हे भान या कथांत आहे.

४.२.२ 'पेठ' म्हणजे काय?

आज 'पेठ' या शब्दाचा अर्थ आपण 'शहराचा एक भाग' असा घेतो. मूळ अर्थ मात्र बाजार असा आहे. कन्नडमध्येही 'पेटे' हा शब्द याच अर्थाने रूढ आहे. 'बाजारपेठ' या जोडशब्दात तो मूळ अर्थ आजही टिकून आहे. म्हणजे पेठ ही प्रथम व्यापाराची जागा होती. राहण्याची जागा ती त्या अनुषंगाने झाली.

पेठ वसवण्याची एक पद्धत होती. सरकारकडून कौल दिला जाई. कौल म्हणजे अभयाचे आणि सवलतींचे लेखी आश्वासन. पेठ वसवण्याची जबाबदारी घेणाऱ्यास शेटेपणाचे वतन मिळे. त्याने बाहेरगावचे व्यापारी, सावकार, कारागीर यांना बोलावून आणायचे, त्यांना घरासाठी आणि दुकानासाठी जागा नेमून द्यायच्या आणि बाजार चालता करायचा. नव्याने येणाऱ्यांना काही वर्षे करात सूट असे. मुदत संपल्यावर घरपट्टी, मोहतर्फा यांसारखे कर सुरू होत. शेटे आणि महाजन हे पेठेचे प्रमुख मानकरी. आजच्या भाषेत सांगायचे, तर सवलती देऊन उद्योजकांना निमंत्रण देण्याचे धोरण अठराव्या शतकातही परिचित होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'विषय' या शब्दाचा राष्ट्रकूट ताम्रपटांतील अर्थ काय?
(आ) 'पेठ' या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
(इ) 'कौल' म्हणजे काय?

४.२.३ पेठांचा विस्तार

पेशव्यांच्या आधीही कसब्याभोवती काही पेठा होत्या. आज वारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पेठांपैकी बहुतेकांची पूर्वीची नावे वेगळी होती. शनिवार पेठ म्हणजे मुर्तजाबाद, रविवार पेठ म्हणजे मलकापूर, सोमवार पेठ म्हणजे शहापूर, शुक्रवार पेठ म्हणजे विसापूर. औरंगजेबाचा मुक्काम पुण्यात असताना १७०३ मध्ये त्याच्या नातवाच्या स्मरणार्थ मुहियाबाद हे नाव दिले गेले. ती वस्ती म्हणजे आजची बुधवार पेठ. गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. ही जुनी नावे लक्षात घेतली, की पुण्याच्या घडणीत निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि मराठे अशा अनेक सत्तांचे थर आहेत, हे ध्यानात येते. वारांची नावे रूढ झाली आणि खालचे थर झाकले गेले.

पहिल्या बाजीरावाने पुण्यात वास्तव्य करण्याचे ठरवले आणि शहराचे भाग्य पालटले. १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याची पायाभरणी झाली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांती. राज्याचा कारभार येथून चालू लागताच सरदार, कारकून, सावकार, शास्त्रीपंडित, शिलेदार, कारागीर, नोकरचाकर यांचा ओघ सुरू झाला.

नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत (१७४०–१७६१) शहराचा विस्तार विशेष वेगाने झाला. नव्या पेठांची नावे आता व्यक्तींवरून पडू लागली. सदाशिव पेठेला सदाशिवरावभाऊंचे, नारायण पेठेला नारायणराव पेशव्यांचे नाव मिळाले. हनुमान पेठ पुढे नाना फडणवीसांवरून नाना पेठ झाली. शिवपुरी ही सरदार आनंदराव रास्ते यांच्यावरून रास्ता पेठ झाली. घोरपडे पेठेचे नाव घोरपडे सरदारांवरून, तर भवानी पेठेचे भवानीमातेच्या मंदिरावरून आले. 'गंज' म्हणजे साठवणीची वा घाऊक व्यापाराची जागा. गंज पेठ हे नाव या अर्थाने पडले. आज तिचे अधिकृत नाव महात्मा फुले पेठ असे आहे.

नावांचा हा क्रम पाहा. प्रथम सत्ताधीशांची, मग वारांची, नंतर पराक्रमी पुरुषांची आणि शेवटी समाजसुधारकांची. स्थलनाम हे केवळ पत्ता सांगण्याचे साधन नसते. प्रत्येक काळाला आपण कोणाचे स्मरण ठेवू इच्छितो, हे त्यातून व्यक्त होते.

शहर वाढले तशी शांतता व सुव्यवस्थेची यंत्रणाही उभी राहिली. कोतवालाकडे पोलिसी काम तर होतेच. शिवाय घरांच्या आणि जागांच्या खरेदीविक्रीची नोंद, भाव व वजनमापे यांवर देखरेख, किरकोळ तंट्यांचे निवाडे ही कामेही तो पाही. घाशीराम कोतवाल हा या पदावरील सर्वांत कुप्रसिद्ध अधिकारी. १७९१ मध्ये कोठडीत डांबलेल्या ब्राह्मणांच्या मृत्यूनंतर क्षुब्ध जमावाने त्याला ठार मारले. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' हे १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेले नाटक या घटनेचा आधार घेते. मात्र ते ऐतिहासिक नाटक म्हणून नव्हे, तर सत्तेच्या स्वरूपाविषयीचे नाटक म्हणून वाचावे लागते.

४.२.४ पाणी आणि वस्ती

वस्तीच्या इतिहासात पाण्याचा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा असतो. नदीपासून दूर सरकणाऱ्या पेठांना पाणी पुरवण्यासाठी १७४९ च्या सुमारास नानासाहेबांनी कात्रजच्या तलावातून नळ आणण्याचे काम हाती घेतले. दगडी बांधणीचा हा भुयारी मार्ग केवळ उताराच्या बळावर पाणी शहरापर्यंत आणत असे. वाटेत ठिकठिकाणी उंच 'उच्छ्वास' बांधले होते. हवा बाहेर पडावी, दाब नियंत्रित राहावा आणि आत उतरून साफसफाई करता यावी, असा त्यांचा उपयोग. शहरात हे पाणी हौदांत पडे. सरदारांनी स्वतंत्र नळ बांधून आपल्या वाड्यांसाठी आणि हौदांसाठी पाणी आणल्याचीही उदाहरणे आहेत. आंबिल ओढ्याचा प्रवाह वळवल्यामुळे शहराच्या दक्षिण-पश्चिमेला वस्तीसाठी जागा मोकळी झाली.

काळा हौद, फडके हौद, नाना हौद, बाहुलीचा हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी आजही आहेत. मूळ वापर थांबला, तरी पत्ता सांगताना हौद उरला आहे.

परंतु येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हौद 'सार्वजनिक' होता, म्हणजे कोणासाठी? अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना त्या पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती. त्यांच्या वस्त्या प्रामुख्याने शहराच्या पूर्व बाजूस, मंगळवार, भवानी, नाना अशा पेठांच्या परिसरात होत्या. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. या कृतीचे मोल समजण्यासाठी त्याआधीची शंभराहून अधिक वर्षे डोळ्यांसमोर आणावी लागतात. कात्रजहून कित्येक मैल वाहत आलेले पाणी पेठेत पोहोचत होते आणि पेठेतल्याच काही माणसांपर्यंत शेवटची चार पावले मात्र पोहोचत नव्हते. अभियांत्रिकीने अंतर पार केले होते, जातिव्यवस्थेने ते पुन्हा निर्माण केले होते.

पाण्याप्रमाणे अन्नपेयाचे प्रश्नही पेठांमधील सीमारेषा उघड करतात. १८९० मध्ये वेताळ पेठेतील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदींवर ग्रामण्याचा प्रसंग आला. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाणे सोपे होते, पण तेथे चहाचा पेला ओठांना लावणे सोपे नव्हते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) उच्छ्वासांचा उपयोग काय होता?
(आ) १८६८ मधील जोतीराव फुले यांची कृती पेठांच्या इतिहासात का महत्त्वाची आहे?

४.२.५ वाडा : घर आणि संस्था

पेठेतील घराचे प्रातिनिधिक रूप म्हणजे वाडा. संस्कृत 'वाटक' म्हणजे कुंपण घातलेली जागा. 'वाडा' आणि 'वाडी' हे दोन्ही शब्द त्याच मुळाकडे जातात. त्यामुळे भोवती भिंत आणि आत मोकळा चौक हे वाड्याचे मूलतत्त्व त्याच्या नावातच आहे.

बाहेरून वाडा अबोल असतो. दगडी जोते, जाड भिंती, खालच्या मजल्यावर मोजक्याच खिडक्या आणि मोठा दरवाजा. त्या दरवाज्यातच लहानसा दिंडी दरवाजा, वाकून आत यावे असा. आत देवडी, पुढे चौक. चौकाभोवती सागवानी खांबांची ओसरी आणि सोपा, त्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठी. मोठ्या वाड्याला दोन, तीन वा अधिक चौक असत. पहिल्या चौकात कचेरी, हिशेब, पाहुणे आणि पुरुषांचा वावर. आतल्या चौकात कुटुंबाचा, विशेषतः स्त्रियांचा वावर. तुळशीवृंदावन, आड, रहाट हे आतले विश्व. घराचा आकार 'खणां'त मोजला जाई. खण म्हणजे दोन खांबांमधील जागा.

चौकामुळे उजेड, वारा आणि खासगीपणा यांची सोय होई. परंतु ही रचना केवळ हवामानाला अनुसरून नव्हती. कोणी कोठपर्यंत यावे, याची श्रेणी तिच्यात बांधलेली होती. दरवाज्याशी थांबणारा, देवडीवर बसणारा, ओसरीपर्यंत येणारा आणि माजघरात जाणारा, अशी माणसांची प्रतवारी वाड्याच्या रचनेतच होती. मराठी कथा-कादंबऱ्यांत 'ओसरी', 'माजघर', 'उंबरा' हे शब्द वारंवार येतात. ते केवळ जागा दाखवत नाहीत, तर पात्राचा दर्जा आणि मर्यादाही सुचवतात. साहित्यकृती वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. सरदारांचे उत्पन्न आटले, आश्रित पांगले. १८२८ च्या आगीत शनिवारवाडा भस्मसात झाला. अनेक वाड्यांचा उपयोग बदलला. सदाशिव पेठेतील विश्रामबाग वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. नारायण पेठेतील गायकवाड वाडा 'केसरी'चे घर झाला आणि केसरीवाडा म्हणून ओळखला जाऊ लागला. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागी मुलींची शाळा आली. १८८४ मध्ये सुरू झालेली ही शाळा आजही 'हुजूरपागा' याच नावाने ओळखली जाते. घोड्यांच्या पागेचे नाव मुलींनी अभिमानाने मिरवावे, यात इतिहासाचा एक मोठा पालट सामावलेला आहे.

बाकीच्या वाड्यांत भाडेकरू आले. शिक्षण आणि नोकरी यांसाठी पुण्यात येणाऱ्या कुटुंबांनी दोन-तीन खणांत संसार थाटले. एका कुटुंबाचा वाडा अनेक बिऱ्हाडांचा झाला. चौकातला एकच नळ, सामाईक संडास, जिन्याखालची सायकल, उन्हाळ्यात चौकात वाळणारे पापड, सणाला एकमेकांकडे जाणारी ताटे आणि पाण्यावरून होणारी भांडणे, हे सारे वाड्याचे दुसरे जीवन होते. अनेकांच्या मनात 'वाडा संस्कृती' म्हणून जी हुरहुर आहे, ती बहुधा सरदारांच्या वाड्याविषयी नसून या बिऱ्हाडकरूंच्या वाड्याविषयी असते.

४.२.६ आळ्या, चौक आणि देवळे : बोली नावांचा कोश

पेठेच्या आत आळी असते. 'आळी' म्हणजे ओळ, रांग. एका व्यवसायाची घरे ओळीने वसली की तिची आळी होई. कसब्यातील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर पडणारे हातोड्याचे ठोके आजही ऐकू येतात. रविवार पेठेतील बोहरी आळी, बुरूड आळी, भोई आळी, शिंपी आळी ही नावे व्यवसाय आणि समाज यांची नोंद ठेवतात. अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या वाड्यावरून ओळखला जाणारा अप्पा बळवंत चौक आज पुस्तकांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. विद्यार्थी त्याला 'अबचौ' म्हणतात. सरदाराच्या नावाचे आद्याक्षरांत झालेले हे रूपांतर भाषाभ्यासकाने टिपून ठेवावे असे आहे.

पुण्याच्या देवळांची नावे हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, सोन्या मारुती, पत्र्या मारुती, उपाशी विठोबा, दाढीवाला दत्त, खुन्या मुरलीधर. परगावच्या माणसाला ही नावे थट्टेची वाटतात. पण त्यांतील अनेकांमागे परिसराची स्मृती आहे. विठोबाच्या देवळाजवळ पासोड्यांचा बाजार भरे, म्हणून तो पासोड्या विठोबा. मुरलीधराच्या मूर्तिप्रतिष्ठेच्या वेळी रक्तपात झाला, म्हणून तो खुन्या मुरलीधर. पानिपतच्या वार्तेने मारुती डुलला, अशी डुल्या मारुतीची आख्यायिका. देवाला आपल्या आळीतल्या माणसासारखे टोपणनाव देण्यात जी सलगी आहे, ती पेठेच्या सामाजिक जीवनाची खूण आहे.

पेठांच्या पूर्वेस इंग्रजांनी लष्कर वसवले. तेथे आणि लगतच्या पेठांत पारशी, ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, गुजराती, मारवाडी, तमिळ, तेलुगू असे अनेक समाज स्थिरावले. लष्करातील लाल विटांच्या ज्यू प्रार्थनामंदिराला लोक 'लाल देऊळ' म्हणतात. परक्या वास्तूला आपल्या शब्दात सामावून घेण्याची ही रीत लक्षणीय आहे. भवानी आणि नाना पेठांत भुसार, गूळ, लाकूड यांचा घाऊक व्यापार वाढला. म्हणून 'पुण्याच्या पेठा' म्हणताच केवळ सदाशिव-नारायण-शनिवार या पेठा डोळ्यांसमोर येत असतील, तर ते चित्र अर्धेच आहे.

४.२.७ 'सदाशिवपेठी' : स्वभावाचा प्रश्न

मराठीत 'सदाशिवपेठी' हे विशेषण रूढ आहे. काटकसर, नेमकेपणा, तिरकस बोलणे, दुपारची विश्रांती आणि दारावरच्या पाट्या असा त्यात संकेत असतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'मुंबईकर, नागपूरकर की पुणेकर' या प्रसिद्ध लेखाने पुणेरीपणाचे हे विनोदी चित्र घरोघरी पोहोचवले. विनोद म्हणून त्याचा आस्वाद जरूर घ्यावा. परंतु अभ्यासक म्हणून आपण पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. हा स्वभाव आला कोठून?

पेशवाईनंतर आश्रय गमावलेल्या कुटुंबांना मोजक्या उत्पन्नात प्रतिष्ठा राखायची होती. वतनाऐवजी शिक्षण हेच भांडवल उरले होते. अनेक बिऱ्हाडांच्या वाड्यात भिंती पातळ आणि जागा अपुरी होती. अशा ठिकाणी लेखी सूचना, ठरलेल्या वेळा आणि शब्दांची धार ही स्वतःची सीमा जपण्याची साधने ठरतात. म्हणजे ज्याला आपण स्वभाव म्हणतो, तो परिस्थितीला दिलेला प्रतिसाद असू शकतो.

याचीच दुसरी बाजू भाषेची आहे. एकोणिसाव्या शतकात कोशरचना, व्याकरणे, पाठ्यपुस्तके आणि वृत्तपत्रे यांच्या कामात पुण्यातील सुशिक्षित वर्गाचा वाटा मोठा होता. त्यांच्या घरातील बोली ही शाळेची, छापील पुस्तकाची आणि पुढे 'शुद्ध' मानल्या गेलेल्या मराठीची पायाभूत बोली ठरली. त्याच शहरातील तांबट आळीची, मंगळवार पेठेची, लष्करातल्या बाजाराची मराठी मात्र 'अशुद्ध' गणली गेली. मैलभराच्या अंतरातील दोन बोलींपैकी एक प्रमाण आणि दुसरी गावंढळ ठरते, ती भाषिक गुणांमुळे नव्हे. छापखाना, शाळा आणि कचेरी कोणाच्या हाती होती, यामुळे. विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी अनेकांना शाळेत आपल्या घरच्या बोलीबद्दल संकोच वाटला असेल. त्या संकोचाचे मूळ आपल्या जिभेत नसून या इतिहासात आहे, हे ओळखणे हा या घटकाचा एक महत्त्वाचा हेतू आहे.

पूर्वेकडील पेठांनीही आपला आवाज घडवला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, तिच्यामागे गंज पेठेतील घराचे बळ होते. १९२९ मध्ये पर्वतीवरील मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला. शहराच्या डोक्यावर उभे असलेले हे मंदिर सर्व पेठांतून दिसत होते. ते सर्वांचे आहे काय, हा प्रश्न सत्याग्रहींनी विचारला.

४.२.८ पेठांचे विसर्जन की रूपांतर?

पेठांची दाट घडण मोडण्यास अनेक कारणे घडली. १८९७ च्या प्लेगमध्ये दाटीवाटीची वस्ती प्राणघातक ठरली. घरतपासणीच्या जुलमामुळे उसळलेल्या संतापातून २२ जून १८९७ रोजी रँडवर हल्ला झाला, हे आपणास ठाऊक आहेच. प्लेगनंतर मोकळ्या हवेत, शहराबाहेर राहण्याची कल्पना बळावली. मुठेपलीकडे डेक्कन जिमखान्याच्या परिसरात बंगल्यांची वस्ती झाली. 'पेठ' आणि 'आळी' यांच्या जोडीला आता 'कॉलनी', 'सोसायटी' आणि 'नगर' हे शब्द आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्ष्मी रस्त्यासारखे रुंद मार्ग जुन्या वस्तीतून काढले गेले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही. नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा आदी पेठांत पाणी शिरले आणि मातीच्या भिंतींची असंख्य घरे कोसळली. ज्या नदीमुळे वस्ती वसली, त्याच नदीने एका दिवसात तिचे रूप बदलले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार विखुरला.

पुरात वाचलेल्या वाड्यांपुढे वेगळा प्रश्न होता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्यामुळे सामान्य कुटुंबांना शहराच्या मध्यभागी निवारा टिकवता आला, हे खरे. पण नाममात्र भाड्यात दुरुस्ती परवडेना, हेही खरे. मालकांचे वारस वाढले, भाडेकरूंचे हक्क पक्के झाले आणि वाडा कोणाचाच राहिला नाही. अखेरीस विकासकाकडे सोपवणे हा एकच मार्ग सर्वांना मान्य होऊ लागला. वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीला बरेचदा त्याच वाड्याचे नाव असते. चौकाची जागा वाहनतळ घेतो.

वाडे पडले याचे दुःख करावे की नाही? याचे एकच उत्तर नाही. सामाईक संडासापुढे रांगेत उभे राहिलेल्या आणि मध्यरात्री नळाला पाणी येण्याची वाट पाहिलेल्या गृहिणीला सदनिकेत मिळालेली सोय लहान नव्हे. त्याच वेळी, सुतारकामाचे आणि गवंडीकामाचे पिढीजात कौशल्य सांगणारी वास्तू मोडते, तेव्हा ते ज्ञानही लोपते. अभ्यासकाने स्मरणरंजन आणि तुच्छता या दोन्ही टोकांपासून दूर राहून काय गेले, कोणाचे गेले आणि कोणाला काय मिळाले, याचा हिशेब मांडावा.

४.३ सारांश

पुण्याचा मूळ गाभा कसबा होय. त्याभोवती कौल व वतने देऊन पेठा वसवण्यात आल्या. पेशवाईत, विशेषतः नानासाहेबांच्या काळात, त्यांचा मोठा विस्तार झाला. पेठांच्या बदलत्या नावांतून सत्तांचे आणि मूल्यांचे थर दिसतात. कात्रजच्या नळामुळे पेठा जगल्या, परंतु पाण्याचा हक्क जातीने ठरवला. वाडा हे घर होते, तसेच सामाजिक श्रेणीची रचनाही होती. १८१८ नंतर त्याचे शाळा, छापखाने आणि बिऱ्हाडे यांत रूपांतर झाले. प्लेग, पूर, भाडे नियंत्रण आणि पुनर्बांधणी यांमुळे पेठांचे स्वरूप पालटले. वस्तीचा स्वभाव आणि भाषेची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी ऐतिहासिक परिस्थितीतून घडतात, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

४.४ पारिभाषिक शब्द व शब्दार्थ

मोहतर्फा – व्यापारी व कारागीर यांवरील कर
शेटे – पेठेचा वतनदार प्रमुख
देवडी – मुख्य दरवाज्यालगतची पहारेकऱ्यांची जागा
ग्रामण्य – जातिनियम मोडल्याबद्दल होणारी चौकशी व बहिष्कार
पासोडी – जाड, दुहेरी सुती पांघरूण
बिऱ्हाड – भाड्याच्या जागेतील कुटुंब वा संसार

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) प्रशासकीय विभाग. (आ) बाजार. (इ) अभयाचे व सवलतींचे लेखी आश्वासन.
प्रश्न २ : (अ) हवा बाहेर पडणे, दाब नियंत्रित राहणे व नळाची साफसफाई. (आ) सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या पाण्यापासून वंचित ठेवलेल्यांना आपल्या घरचा हौद खुला करून त्यांनी पेठेतील जातीची सीमारेषा ओलांडली.

४.६ स्वाध्याय

१. पेठ वसवण्याची पद्धत स्पष्ट करून पेशवेकालीन पेठांच्या विस्ताराचा आढावा घ्या.
२. 'वाड्याच्या रचनेत समाजरचना प्रतिबिंबित होते', हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
३. प्रमाणभाषा आणि वस्ती यांच्या संबंधाविषयी तुमचे मत स्वतःच्या बोलीच्या संदर्भात मांडा.
४. टिपा लिहा : (अ) कात्रजचा नळ (आ) पुण्यातील देवळांची बोली नावे (इ) पानशेतचा पूर.

४.७ उपक्रम

आपण राहता त्या वस्तीचे नाव कसे पडले, याचा शोध घ्या. वस्तीतील दोन-तीन वयोवृद्ध स्त्री-पुरुषांशी बोला. पूर्वी पाणी कोठून येई, ते कोणाला मिळत नसे, कोणते व्यवसाय होते, कोणती घरे पडली, हे विचारा. मिळालेली माहिती सांगणाऱ्याच्याच शब्दांत टिपून घ्या, तिचे 'शुद्धीकरण' करू नका. ऐकीव माहिती आणि कागदपत्रांचा आधार असलेली माहिती यांची वेगवेगळी नोंद ठेवा. शेवटी, आपल्या वस्तीच्या सांगितल्या जाणाऱ्या इतिहासात कोणाचा उल्लेख येत नाही, यावर दहा ओळी लिहा. या दहा ओळी लिहिताना सर्वाधिक वेळ लागेल. तो अवश्य द्यावा.